कावळा, घुण आणि ६१७

संस्कृतातील लौकिक न्यायांपैकी दोन न्याय मराठीच्या चांगलेच अंगवळणी पडलेले आहेत. पहिला काकतालीय न्याय. ताडावर कावळा बसायला आणि ताडफळ गळायला एकच वेळ आली, म्हणून काही ते फळ कावळ्याने पाडले असे होत नाही. मराठीने ताड गाळला, फांदी घेतली आणि ‘कावळा बसायला अन् फांदी मोडायला एकच गाठ’ अशी म्हण करून तो न्याय घरोघरी पोचवला. दुसरा घुणाक्षर न्याय. लाकूड पोखरता पोखरता घुणाकडून एखादे अक्षर कोरले जाते. पाहणाऱ्याला ते स्वच्छ वाचता येते, किड्याला मात्र अक्षरओळख नसते. योगायोगाविषयी बोलताना आपण हे दोन्ही न्याय जवळपास एकाच अर्थाने वापरतो. वास्तविक त्यांत महत्त्वाचा फरक आहे. पहिल्याचा प्रश्न कार्यकारणाचा आहे: हे त्याच्यामुळे झाले काय? दुसऱ्याचा प्रश्न अर्थाचा आहे: लिहिणारा कोणी नसताना हे वाचता कसे येते? एकच आकडा पुन्हा पुन्हा समोर येऊ लागतो तेव्हा माणूस बेचैन होतो, तो या दुसऱ्या प्रश्नाने.

पुनरावृत्तीकडे अर्थाची खूण म्हणून पाहण्याची सवय आम्हा साहित्य शिकवणाऱ्यांना जरा जास्तच असते. महाभारताची पर्वे अठरा, कुरुक्षेत्रावर जमलेल्या अक्षौहिणी अठरा, युद्धाचे दिवस अठरा आणि गीतेचे अध्यायही अठरा. हे आपसूक जुळून आले असे कोणी मानत नाही. रचणाऱ्यांनी ते रचले, असेच आपण समजतो. कवितेत एखादा शब्द तिसऱ्यांदा आला की तिथे थांबा, असे आम्ही वर्गात सांगतो. पण त्याच वर्गात कथेचे मूल्यमापन करताना आम्ही उलटा निकष लावतो. जत्रेत हरवलेले दोघे भाऊ शेवटच्या प्रकरणात रेल्वेच्या एकाच डब्यात समोरासमोर बसले, तर लेखकाने आपली सोय पाहिली म्हणून आम्ही गुण कापतो. लिहिलेल्या जगात योगायोग हा दोष ठरतो, कारण तिथे लेखकावर संशय घेता येतो. जगलेल्या जगात तोच योगायोग घडला की आपण हात जोडतो, कारण तिथे लेखक आहे की नाही हेच ठाऊक नसते.

कधी कधी तो सापडतोही. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात किमान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता ९९ टक्क्यांहून अधिक असते; निम्म्याहून थोडी अधिक शक्यता हवी असेल तर तेवीस विद्यार्थीही पुरतात. हे गणित प्रसिद्ध आहे आणि ऐकणाऱ्याला ते दर वेळी खोटे वाटते. त्याचे कारण असे, की ऐकणारा मनातल्या मनात ‘माझ्या तारखेचा दुसरा कोण?’ असे विचारत असतो. गणित मात्र कोणत्याही दोघांचा विचार करते, आणि साठ जणांत अशा जोड्या १,७७० होतात. आमच्या आईवडिलांच्या पिढीत, विशेषतः खेड्यापाड्यांत, एवढ्या गणिताचीही गरज पडत नसे. ज्याला त्याला विचारावे तर जन्मतारीख १ जून. जन्माची नोंद कोणी ठेवलेली नसे. मूल शाळेत आले की गुरुजी अंदाजाने वय बसवत आणि जनरल रजिस्टरात १ जून लिहून मोकळे होत. त्यामुळे पुढे कित्येक कचेऱ्यांतून ३१ मे रोजी निरोपसमारंभांची रीघ लागत असे. या योगायोगाला लेखक आहे, आणि तो टाक घेऊन शाळेच्या टेबलाशी बसलेला आहे.

माझ्या वडिलांची, म्हणजे आमच्या अण्णांची, तारीखही तीच. ते एसटीत वाहक होते. एसटीची पहिली गाडी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) धावली तीही १ जून १९४८ रोजी. त्यामुळे ‘अख्खं महामंडळ माझा वाढदिवस करतं’ असे ते डेपोत सांगत. आपली तारीख गुरुजींनी घातलेली आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्याने विनोदाची चव काही कमी झाली नाही.

लेखक सापडत नाही तेव्हा मोठमोठ्यांचीही कशी चलबिचल होते, ते फ्रॉइडच्या बाबतीत दिसते. परिचितातूनच उपजणाऱ्या विलक्षण भयाची मीमांसा करणाऱ्या १९१९ च्या निबंधात त्याने नेमके असेच उदाहरण घेतले आहे. कोट ठेवायला दिला तर बिल्ला ६२ चा, बोटीवर खोली मिळाली तीही ६२ क्रमांकाची. असे एकापाठोपाठ घडले की बासष्ट ही आपल्या आयुष्याची मर्यादा असावी असे वाटण्याचा मोह होतो, असे त्याचे म्हणणे. हे उदाहरण परके नव्हते. १९०९ मध्ये युंगला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्याला एकसष्ट-बासष्टाव्या वर्षी मृत्यू येणार या भीतीची हकिकत सांगितली आहे. १८९९ मध्ये त्याला मिळालेला टेलिफोन क्रमांक १४३६२ होता. स्वप्नांवरचा ग्रंथ त्या वर्षी पुरा झाला तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता. उरलेले बासष्ट म्हणजे शेवट, असा त्याने अर्थ लावला. एकदा धास्ती बसल्यावर मन त्या आकड्याच्या पाळतीवर राहते, हे त्याचे स्वतःचेच स्पष्टीकरण आहे. फ्रॉइड १९३९ मध्ये वारला, त्र्याऐंशीव्या वर्षी.

युंगची वाट निराळी. एक रुग्णा आपल्या स्वप्नातल्या सोनेरी भुंगेऱ्याविषयी सांगत असताना खिडकीच्या काचेवर टकटक झाली. युंगने खिडकी उघडून आत आलेला भुंगेरा पकडला आणि तिच्या हाती दिला. अशा जुळणीला कारण नसले तरी अर्थ असतो, असे मानून त्याने तिला ‘सिंक्रॉनिसिटी’ हे नाव दिले. १९५२ मध्ये हा विचार ज्या पुस्तकातून आला त्याचा दुसरा लेखक वोल्फगांग पाउली हा नोबेल मिळालेला भौतिकशास्त्रज्ञ होता. प्रकाश आणि विद्युतभारित कण यांच्यातील संबंधाचे मोजमाप करणारा एक स्थिरांक आहे. त्याचा व्यस्त जवळपास १३७ येतो. १३७ च का, या प्रश्नाने पाउलीला आयुष्यभर छळले. डिसेंबर १९५८ मध्ये झुरिचच्या रुग्णालयात त्याला जी खोली मिळाली तिचा क्रमांक १३७ होता. भेटीस आलेल्या सहकाऱ्याला त्याने तो अस्वस्थपणे दाखवला. त्याच महिन्याच्या १५ तारखेला, त्याच रुग्णालयात तो वारला. त्याच्या शेजारच्या खोलीत कोण होते, त्या माणसाला १३६ किंवा १३८ या आकड्याने काही सांगितले काय, याची नोंद अर्थातच कोणी ठेवलेली नाही. घुणाने लाकूडभर रेषा कोरलेल्या असतात. आपण तेवढे अक्षर पाहतो.

इथवरचा विचार पुस्तकांच्या आधाराने निर्धास्त करता येतो. घाटावर तो करणे अवघड जाते. अण्णा जानेवारीत गेले. दहाव्याला पिंड ठेवून आम्ही सगळे मागे सरून उभे राहिलो. कावळे होते, पण झाडावरून हलेनात. अर्धा तास गेला. भटजींनी दर्भाच्या कावळ्याची तयारी केलेली मी पाहत होतो. मग काका पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, “अण्णा, वहिनींचं आम्ही बघू. तुम्ही काळजी करू नका.” थोड्या वेळाने कावळा शिवला. मागे बायकांतून एक मोठा सुस्कारा ऐकू आला. काकतालीय न्याय माहीत असलेली निदान दोन माणसे त्या घाटावर होती, एक भटजी आणि दुसरा मी. आम्ही दोघेही काही बोललो नाही. कावळ्याला काकांचे बोलणे ऐकू आले असे मला तेव्हा वाटले नाही, आजही वाटत नाही. पण चार माणसांत उच्चारलेला तो शब्द काकांनी पुढे पाळला, आणि तो त्यांच्या तोंडून कावळ्याने काढवला होता.

एप्रिलपासून आईला ६१७ दिसू लागला. अण्णांच्या पितळी बिल्ल्यावरच्या क्रमांकाचे ते शेवटचे तीन आकडे; डेपोत त्यांना त्याच आकड्यांनी हाक मारीत. कधी विजेच्या बिलात, कधी बँकेच्या टोकनावर, कधी दारावरून गेलेल्या टेम्पोच्या पाटीवर. ती तो कॅलेंडरच्या चौकटीत लिहून ठेवी. दुधाचे खाडे, सिलिंडर आल्याची तारीख आणि त्यांच्या शेजारी बारीक अक्षरात ६१७. फोनवर सांगताना तिच्या आवाजात भय नसे, नवलही नसे. “आज हे दिसले होते,” एवढेच ती म्हणे. ‘हे’ म्हणजे आकडा की अण्णा, हे त्या वाक्यातून कळण्याची सोय नव्हती.

एखादी गोष्ट एकदा लक्षात आली की ती जिकडेतिकडे दिसू लागते, या भ्रमाला अर्नल्ड झ्विकी या भाषाशास्त्रज्ञाने २००५ मध्ये ‘वारंवारतेचा भ्रम’ अशा अर्थाचे नाव दिले. आईच्या बाबतीत तसेच झाले असणार, असे धरून मी डिसेंबरच्या अखेरीस ते कॅलेंडर घेऊन बसलो. दिवसभरात तिच्या नजरेखालून तीन अंकी आकडे पन्नास जातात असे मानले आणि १०० ते ९९९ या नऊशे आकड्यांना सारखीच संधी दिली, तर ६१७ सरासरीने अठरा दिवसांतून एकदा भेटायला हवा. एप्रिल ते डिसेंबर या नऊ महिन्यांत पंधरा वेळा. नोंदी मोजल्या, तर त्या अकरा भरल्या. म्हणजे माझ्या ढोबळ हिशेबाने आकडा आईच्या मागे लागलेला नव्हताच. तो तिच्यासमोरून काही वेळा मुकाट निघूनही गेला असावा.

मग मी आकडा सोडून तारखा वाचल्या. एक नोंद गावच्या जत्रेची. एक १ जूनची. तीन आषाढीच्या आधीच्या आठवड्यातल्या, दोन गणपतीच्या तोंडावरच्या आणि चार दिवाळीतल्या. वाढदिवस वगळला तर या सगळ्या जादा गाड्यांच्या तारखा होत्या. एसटीतल्या माणसाचा सण हा दुसऱ्यांना सणाला पोचवण्यात जातो. पंढरपूरच्या गाड्या, कोकणच्या गाड्या, दिवाळीची गर्दी. या दिवसांत अण्णा घरी नसत आणि आई ताट झाकून जागी असे. नोकरीची तीसेक वर्षे तिने ज्या रात्री वाट पाहण्यात घालवल्या, त्याच दिवसांत ६१७ तिला दिसत होता. अण्णा घरी असण्याच्या दिवसांशी त्याचा काही संबंध नव्हता. एरवीच्या दिवशी तो आकडा समोर आला असेल तेव्हा तिने कोणाची वाट पाहिलेली नव्हती.

योगायोगाला अर्थ असतो काय, या प्रश्नाचे उत्तर मला त्या चौकटींत मिळते. अर्थ असतो, पण तो आकड्याच्या पलीकडच्या जगाविषयी काही सांगत नाही. वाचणाऱ्याने त्या दिवशी काय उराशी धरले होते, ते सांगतो. फ्रॉइडचा ६२ त्याच्या भीतीविषयी बोलत होता, पाउलीचा १३७ न सुटलेल्या प्रश्नाविषयी. या अर्थाला भविष्य विचारायला गेले की घोटाळा सुरू होतो. स्वप्नावरून मटक्याचा आकडा काढणारे आणि गाडीसाठी ‘लाभणारा’ नंबर जादा पैसे भरून घेणारे हेच करत असतात. घुणाला ते पुढची ओळ लिहायला सांगतात. आईने ६१७ वर कधी काही लावले नाही, त्याला काही मागितलेही नाही.

आता तिचे वय झाले आहे, नोंदी कमी झाल्या आहेत. अजूनही मधूनच ती विचारते, “हा ह्यांचाच ना रे नंबर?” मी ‘हो’ म्हणतो, कारण नंबर त्यांचाच आहे. मग विचारतो, “कुठे दिसला?” ती जागा सांगते. जागेवरून दिवस निघतो, दिवसावरून कुठल्याशा आषाढातली मुक्कामी गाडी, भिजलेले तिकिटांचे ब्लॉक चुलीच्या उबेला ठेवलेले, आणि रात्री दीडला वाजलेली कडी.