नंदाखालच्या वाटेवरच्या चांदण्या

शेतकऱ्याला रात्री शेतात जायचे कारण ठाऊक असते ते एकच. वीज आली, पंप सुरू करा आणि बॅटरी घेऊन दारे धरा. रात्री वाड्यांच्या वाटेने नुसते दिवे बघत हिंडायचे, असे सांगितले तर आमची देशावरची मंडळी हसतील. पण डिसेंबरअखेर वसईकडे जाणे झाले तर हे जरूर करावे.

वसई तालुक्यात समुद्राच्या अंगाला नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव अशी गावे आहेत. इथले ख्रिस्ती लोक हाडाचे बागाईतदार. केळी, पानवेल, भाजी, फुले यांवर त्यांच्या पिढ्या निघाल्या. निर्मळच्या कार्तिकी यात्रेत मिळणारी सुकेळी वाचकांपैकी काहींनी खाल्ली असतील, ती इकडचीच. २०२४ च्या नाताळात अशाच एका बागाईतदाराकडे माझा मुक्काम होता. जेवणाला अवकाश होता. त्यांच्या आई म्हणाल्या, "साहेब, दिवसा झाडं पाहिलीत, आता दिवे बघा." आणि लाल लुगड्याचा पदर सावरीत त्याच पुढे झाल्या.

वाट अरुंद. केळीच्या पानांआडून एकेक घर उजळून दिसे. दारोदारी चांदणी टांगलेली. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर रंगीत कागद, आत दिवा. आपल्या आकाशकंदिलाचीच ही बहीण. येशूच्या जन्मावेळी पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना ताऱ्याने वाट दाखविली, त्याची ती खूण. बाजारच्या तयार माळाही पुष्कळ होत्या, त्या लुकलुक करून डोळे दिपवतात. मला घरी केलेल्या चांदणीचा मंद उजेडच बरा वाटला.

अंगणाअंगणात गोठा मांडलेला. पेंढ्याचे छप्पर, गाई, मेंढ्या, मेंढपाळ आणि गव्हाणीत बाळ येशू. इटलीतील ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली खरा बैल आणि गाढव उभे करून असा देखावा मांडला होता. देव गव्हाणीत जन्मला, हे ज्याच्या दारात गुरे आहेत त्याला समजावून सांगावे लागत नाही. माझी नजर मात्र गोठ्यापुढच्या हिरवळीवर खिळली. नाचणी पेरून उगवलेले बोटभर कोंब! घटस्थापनेला आपण धान्य पेरतो, अगदी तसेच. मी वाकून उगवण पाहू लागलो, तशा आई हसल्या. "इथंही मोजणी का, साहेब?"

पुढच्या वळणावर एकदम अंधार. वाडीच्या जागी पत्र्याचे कुंपण होते. जागा विकली गेली होती. आईंनी तिथल्या पूर्वीच्या तिन्ही घरांच्या चांदण्यांचे रंग सांगितले.

ह्या पट्ट्यात पाण्याचा प्रश्न अवघड आहे. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपसा फार झाला की खारे पाणी वर सरकते, विहीर मचूळ होते आणि केळीच्या पानांच्या कडा करपू लागतात. पूर्वी वाडीवाडीत बावखले होती. पावसाचे पाणी त्यांत साठे आणि मुरून विहिरींना मिळे. त्यांतली कितीतरी बुजवली गेली. नंदाखालचेच सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'हरित वसई'साठी झगडले ते ह्याच जमिनीसाठी, ह्याच पाण्यासाठी. २०२० साली ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२४ च्या जुलैत निवर्तले.

परतताना आई म्हणाल्या, "धाकटा आखातात असतो. म्हणतो, विहीर आता जाणार, वाडी विकून फ्लॅट घेऊ. घेऊ दे. पण चार हातांची चांदणी खिडकीत कुठं टांगायची, तेवढं त्यानं सांगावं." थोरला, म्हणजे माझे यजमान, काही बोलले नाहीत. रोज वाडीत राबणारे तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीच्या पाण्याचा नमुना मी बाटलीत भरून घेतला. तपासणीत क्षार थोडे वाढलेले निघाले, पण केळीला अजून चालण्याजोगे. उपसा आवरा, उन्हाळ्यात बावखलाचा गाळ काढा, पावसाळ्यापूर्वी पुन्हा नमुना द्या, असे अहवालाखाली लिहून मी कागद पाठवला. आईंनी त्याचा फोटो काढवून धाकट्याला धाडला. त्याने अहवाल वाचला आहे, असे थोरल्याने फोनवर सांगितले. उत्तर अजून आलेले नाही.