डबीतली किल्ली

आमच्या वऱ्हाडात पूर्वी ज्वारी पेवात साठवीत. तोंड बुजवून वर माती सारवली की पेव कोठे आहे हे घरच्यालाच ठाऊक. पण तो घरचा माणूसच काही न सांगता निघून गेला तर? धान्य सुरक्षित राहते खरे. इतके सुरक्षित की ते कोणाच्याच मुखी लागत नाही!

थोरले दादा अकोल्याला असत. शिक्षकी संपल्यावर त्यांनी वऱ्हाडी शब्द जमविण्याचा नाद घेतला आणि तो सारा ऐवज संगणकात ठेवला. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्सवर त्यांची मोठी भक्ती. त्यांच्याकडे जुनी उबुंटू होती. ती बसविताना एक प्रश्न विचारला जाई : तुमचे होम फोल्डर कूटबद्ध करावयाचे काय? दादांनी 'हो' म्हटले. २०१८ च्या १८.०४ आवृत्तीत हा प्रश्न काढून टाकण्यात आला आणि सबंध डिस्कच कूटबद्ध करावी असा सल्ला रूढ झाला.

दादा २०२१ मध्ये गेले. पुढल्या वर्षी संगणक अडखळू लागला, म्हणून वहिनींनी एका ओळखीच्या मुलाकडून नवे लिनक्स बसवून घेतले. त्याने होम शाबूत राखले, नाव जुनेच दिले. पासवर्ड तेवढा नवा. मग गंमत सुरू झाली. पासवर्ड बरोबर, दार उघडते, पण पाऊल टाकावे तो पुन्हा उंबऱ्याबाहेर! मुलगा म्हणाला, "काकू, सगळं फॉरमॅट मारू."

मी अमरावतीहून निघालो, बडनेऱ्याला गाडी धरली आणि अकोल्यास पोचलो. आज्ञांच्या काळ्या खिडकीतून डोकावलो, तर दादांच्या घरात फक्त एक चिठ्ठी आणि एक दुवा. बाकी सारे कुलुपात.

ईक्रिप्टएफएस नावाच्या या व्यवस्थेची खुबी अशी : आपला पासवर्ड ही घराची किल्ली नव्हेच. खरी किल्ली बत्तीस अक्षरांची. ती एका डबीत बंद असते आणि पासवर्ड उघडतो ती डबी. नव्या पासवर्डाला जुनी डबी कशी दाद देणार? आणि जुना पासवर्ड दादांबरोबर गेलेला.

तरीही ती खरी किल्ली लिहून ठेवा, असे ही व्यवस्था प्रारंभीच बजावीत असे. दादा शिस्तीचे. मी वहिनींना विचारले. त्यांनी दुधाच्या हिशेबाची वही पुढे केली.

"भाऊजी, अक्षर त्यांचंच हाये. पण हा हिशेब काही मले लागला नाही."

शून्य ते नऊ आणि ए ते एफ; मोजून बत्तीस! ईक्रिप्टएफएसची साधने नव्याने बसवून शोधाची आज्ञा दिली. तिने जुना पासवर्ड ठाऊक आहे काय विचारले. 'नाही' म्हणताच किल्ली मागितली. घर उघडले, तेही केवळ वाचण्यापुरते. प्रथम सारे दुसऱ्या डिस्कवर उतरविले.

प्रत्येक शब्दापुढे तो सांगणाऱ्याचे नाव लिहिण्याची दादांची रीत होती. मी पाने उलटीत गेलो. पानोपानी एकच नाव होते, वहिनींचे.

त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तं सहजच बोलत होती."

कुलूप कितीही पक्के असो, त्याची मला आता धास्ती वाटत नाही. धास्ती वाटते ती अशा घराची, जेथे दुधाच्या वहीत कोणी काही लिहून ठेवीत नाही.