फ्रेममधली पंगत

जुन्या घरांत फोटो छताजवळ टांगलेले असत, वरची कड पुढे झुकलेली, म्हणजे खाली उभ्या माणसाला काचेच्या चमकेतूनही चेहरे दिसत. भिंतीचा एक अलिखित कायदा होता. गेलेल्यांना चंदनाचा हार आणि काचेवर गंधाचं बोट. हयात माणसांना नुसती चौकट. जागा थोडी, त्यामुळे भिंतीवर चढायला लग्न तरी लागे, नाहीतर मरण तरी. बाकीचे सगळे कपाटातल्या अल्बममध्ये, काळ्या पानांवर, बटरपेपरच्या आड.

डिजिटल फ्रेम हा कायदा मानत नाही. दहा इंची पडद्यावर दर दहा सेकंदांनी नवा चेहरा येतो आणि हाराचा तिथे पत्ता नसतो. पणजोबा, मग भाचीचा केक, मग पाचगणीतल्या स्ट्रॉबेऱ्या, मग गेल्या वर्षी गेलेले काका, खळखळून हसताना.

नवी फ्रेम घरी आली की पहिली चिंता लागते ती जागेची. ती व्यर्थ आहे. साधारण पडद्यावर १२८० गुणिले ८०० ठिपके असतात, म्हणजे दहा लाखांहून थोडे जास्त. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो एक कोटी वीस लाख ठिपके घेऊन येतो. त्यातले बहुतेक फ्रेमच्या कामाचेच नसतात. फोटो पडद्याच्या मापाचा करून घेतला, तर तो ४०० केबीत सहज बसतो आणि ३२ जीबीच्या कार्डात असे ८०,००० मावतात. पण दहा सेकंदांचा एक, या हिशेबाने दिवसाला होतात ८,६४०. एकदा दिसलेली आजी पुन्हा दिसेपर्यंत नवरात्र बसून उठेल. अडचण साठवण्याची नाहीच, पाळीची आहे.

म्हणून निवडायला बसावं लागतं. शुभ सकाळचे गुलाब आधी जातात. मग एकाच हसण्याचे पाच-सहा फोटो. त्यातला सगळ्यांचे डोळे उघडे असलेला एक ठेवायचा. उभ्या फोटोंचा प्रश्न वेगळाच. आडव्या फ्रेमला पडदा भरायला सांगितलं की उंच माणसांची डोकी जातात. पूर्ण फोटो मागितला की दोन्ही बाजूंना काळे पट्टे. काही फोटोंत मामा कुशीवर झोपलेले दिसतात. फोन उभा फोटो बरेचदा फिरवून ठेवत नाही, 'हा असा धरा' एवढी चिठ्ठी फाइलमध्ये ठेवतो. फ्रेमने चिठ्ठी वाचली नाही तर मामा आडवेच. संगणकावर फोटो फिरवून नव्याने साठवला की ते उठून बसतात.

तारखांवर तर मुळीच विसंबू नये. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत तो काढल्याची तारीख उरत नाही आणि अल्बमच्या पानाचा फोनने फोटो घेतला की त्याला आजचीच तारीख लागते. मग आजीचं लग्न नातवाच्या मुंजीनंतर लागतं. नावाप्रमाणे लावावं, तर बऱ्याच फ्रेमा १० हा २ च्या आधी आणतात. उपाय जुनाच, वहीतल्यासारखे आकडे घालायचे: ००१, ००२, ००३.

आकडे घालताना लक्षात येतं, की आपण पंगत मांडतोय. कोणाच्या शेजारी कोण, कोणाला कोणासमोर बसवायचं नाही. ज्या दोन काकांचं बोलणं बंद आहे, त्यांच्यामध्ये मी महाबळेश्वरचं धुकं घातलं. मूळ फोटो हार्ड डिस्कवर आहेत, फ्रेममध्ये फक्त नकला; त्यामुळे पानावरून कोणाला उठवलं तरी घराबाहेर काढल्याचं पाप लागत नाही.

आजी हे सगळं खुर्चीत बसून पाहत होती. आजोबा आले आणि गेले. "अगं, ह्यांना जरा थांबव की. टेकले नाहीत तोच निघाले."

फ्रेममध्ये वेळ सगळ्यांना सारखाच असतो. एका माणसासाठी निराळा ठेवायची सोय आमच्या फ्रेममध्ये नव्हती. मग ज्या दुबार फोटोंना मी वेचून काढत होते, तेच मुद्दाम केले. आजोबांच्या एकाच फोटोच्या सहा नकला, ०४१-१ पासून ०४१-६ पर्यंत, आणि फोटो बदलतानाची सरकती करामत बंद. सांधा दिसत नाही. आजोबा आता पूर्ण मिनिटभर बसतात.

आत्या सुट्टीला आली आणि तिने घड्याळ लावून पाहिलं. "बाबांना मिनिट, आणि मला दहाच सेकंद?" तीस सेकंदांवर तडजोड झाली, पण मी लावलेला पैठणीतला फोटो तिने काढायला लावला आणि पर्समधून स्वतःचा एक काढून दिला. शाळेच्या कबड्डी संघाचा. गुडघे खरचटलेले, केस विस्कटलेले, कमरेवर हात. ही आत्या आम्ही भाच्यांनी कधी पाहिलीच नव्हती.