आजोळचं पाणी

आई जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या बापाचं गाव मुळशी धरणात गेलं. १९२१ ला सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. तरी धरण झालंच, वीज मुंबईला गेली. "आमची भातखाचरं पाण्याखाली हायती," आई सांगायची. तिनं ती कधी पाहिली नव्हती, पण बांधन् बांध ठाऊक.

यंदा उन्हाळ्यात मीरा रोडच्या नया नगरमधल्या मित्रांसंगं कोलाडला राफ्टिंगला गेलो. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सुटतं, तेव्हा कुंडलिकेला जोर येतो. हे सांगितलं तशी सगळ्यांची वल्ही थांबली.

"म्हणजे हे तुझ्या आजोळचं पाणी," एकजण म्हणाला.

मी ओंजळ भरून डोळ्यांना लावली. आई असती तर घरी गेल्या गेल्या विचारलं असतं, "कसं होतं रं पाणी?"

गार होतं, आई.