अडतीस-बेचाळीस आणि हिफ्जची मुलं

लक्ष्मीपुरीतल्या जुन्या दुरुस्तीवाल्याकडे यूसी३८४२ मागितली तर तो क्षणभर बघत राहील. 'अडतीस-बेचाळीस' म्हटलं की लगेच ड्रॉवर उघडेल. आठ पायांची ही आयसी. टीव्ही, मॉनिटर, चार्जर, जिथं एसएमपीएस होता तिथं ही नाहीतर हिची भावंडं असायची. माझ्या अब्बांनी व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केले, मग ट्रान्झिस्टरचे केले, पण हिच्याशी त्यांचं कधी जमलं नाही. "ह्यात सारखं कायतरी उघड-झाप चाललेलं असतंय, बोट कुठं ठेवायचं तेच कळत नाही," असं म्हणायचे. मी पॉलिटेक्निकमध्ये इतकी वर्षं हाच विषय शिकवतो, तरी याहून नेमकी व्याख्या मला करता आलेली नाही.

उघड-झाप म्हणजे काय, ते वजूच्या टाकीवरून सांगतो. टाकीत येणारं पाणी खूप जोराचं आहे आणि आपल्याला बारीक धार हवी आहे. एक उपाय असा की नळ अर्धवट पिळून ठेवायचा. जोर नळातच मरतो. विजेच्या बाबतीत तो मेलेला जोर उष्णता होऊन बाहेर पडतो. ही झाली लिनिअर पद्धत. दुसरा उपाय असा की नळ पूर्ण उघडायचा, पूर्ण बंद करायचा, पुन्हा उघडायचा, आणि हे सेकंदाला हजारो वेळा करायचं. मधे टाकी असल्यामुळे खालची धार एकसारखी राहते. पूर्ण उघड्या नळात जोर वाया जात नाही, बंद नळात तर प्रश्नच नाही. स्विचिंग कन्व्हर्टर तो हाच. टाकीचं काम कॉइल आणि कपॅसिटर करतात. किती वेळ उघडा आणि किती वेळ बंद, हे ठरवणं म्हणजे कंट्रोल. सगळी हुशारी आणि सगळी भांडणं तिथं आहेत.

एलईडीला ही हुशारी जास्तच लागते. साध्या पिवळ्या बल्बला व्होल्टेज थोडं वाढलं तर प्रकाश थोडा वाढतो, एवढंच. एलईडीचं तसं नाही. व्होल्टेज जरासं वाढलं की करंट भसकन वाढतो. करंट वाढला की ती तापते आणि तापली की त्याच व्होल्टेजला आणखी करंट घेते. म्हणून तिला ठरावीक व्होल्टेज नको, ठरावीक करंट हवा. १९७८ साली बेल लॅबोरेटरीजच्या सेसिल डाईश यांनी एक सोपी युक्ती मांडली. प्रत्येक आवर्तनात स्विच उघडायचा, कॉइलमधला करंट चढू द्यायचा आणि ठरलेल्या खुणेला टेकला की स्विच बंद. हौदाला खूण केली, पाणी तिथवर आलं की नळ बंद, तसं. एवढ्यावर सगळा कन्व्हर्टर करंटचा स्रोत होऊन जातो. अडतीस-बेचाळीस याच युक्तीवर चालते.

या युक्तीत एक खोड आहे. नळ अर्ध्याहून जास्त वेळ उघडा ठेवावा लागला की गडबड सुरू होते. एक आवर्तन लांब, पुढचं आखूड, परत लांब. सरासरी ठीक दिसते, पण चाल लंगडी. त्यावर उपाय म्हणजे खूण स्थिर न ठेवता प्रत्येक आवर्तनात हळूहळू खाली सरकवायची. याला स्लोप कॉम्पेन्सेशन म्हणतात. परीक्षेत हा प्रश्न मी दरवर्षी घालतो आणि मुलं दरवर्षी सोडून देतात.

आज नऊ वॅटच्या बल्बमधला ड्रायव्हर उघडला तर त्याच युक्तीचं गरीब नातवंड सापडतं. कॉइलमधला करंट शून्यापासून खुणेपर्यंत चढतो, परत शून्याला येतो, पुन्हा चढतो. त्रिकोणच तो, म्हणजे सरासरी शिखराच्या निम्मी. बाहेरचा करंट मोजायची गरजच नाही, शिखर पकडलं की झालं. आणि शिखर ठरतं एका बारक्या रेझिस्टरवर. लक्ष्मीपुरीतले आमचे एक चाचा दुरुस्तीला आलेल्या बल्बमध्ये असे दोन रेझिस्टर शेजारी-शेजारी दिसले की एक काढून टाकतात. करंट उतरतो, उजेड थोडा कमी होतो, पण बल्ब थंड राहतो आणि कितीतरी जास्त टिकतो. त्यांनी एकही पेपर वाचलेला नाही. ग्राहक मात्र म्हणतो, "चाचा, उजेड कमी केला की हो!"

देशात एलईडी घरोघरी गेली ती उजालामुळे. ५ जानेवारी २०१५ ला योजना सुरू झाली आणि ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. किमती कोसळल्या, ही चांगलीच गोष्ट झाली. पण किंमत उतरते तेव्हा आधी काय काढलं जातं? एलईडी काढता येत नाही, ती तर दिसते. कॉइल जाते, कपॅसिटर जातो, कंट्रोल जातो. आणि इथून माझी खरी गोष्ट सुरू होते.

हातकणंगले तालुक्यातल्या एका गावात मशिदीला लागून छोटा मदरसा आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. हिफ्जच्या वर्गात चौदा मुलं. फजरनंतर एक बैठक, मगरीबनंतर इशापर्यंत दुसरी. दोन्ही वेळा अंधाराच्या. जमातीनं चंदा गोळा करून जुन्या चोकच्या ट्यूब काढल्या आणि चोवीस एलईडी पट्ट्या बसवल्या. उजेड लख्ख झाला. दोन-तीन महिन्यांत मुलांची कुरकुर सुरू झाली. डोकं दुखतं, ओळ हलते, डोळ्यांत पाणी येतं. मौलानांना वाटलं की सबक चुकवायची बहाणेबाजी आहे. त्यांचंही चुकलं म्हणवत नाही, त्या वयाची मुलं बहाणे करतातच. एका मुलाचं मात्र मागं पडणं इतकं वाढलं की त्याला वर्गातून काढून वडिलांबरोबर गवंडीकामाला पाठवायचं जवळजवळ ठरलं. ते वडील माझ्या ओळखीचे. ते मला म्हणाले, "मास्टर, पोरगं झूट बोलणारं नाही. तुम्ही एकदा बघून या."

मी आणि माझी एक विद्यार्थिनी गेलो. शेवटच्या वर्षाला होती, वडील शिलाईकाम करतात. तिनं पिशवीतून पेन्सिल काढली आणि पट्टीखाली पंख्यासारखी भराभर हलवली. एकसलग पुसट पट्टा दिसायच्या ऐवजी दहा-बारा वेगवेगळ्या पेन्सिली दिसल्या. मोबाइलचा कॅमेरा धरला, तर पडद्यावर काळे पट्टे सरकायला लागले. मुलं हसायला लागली. मौलाना हसले नाहीत. त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि स्वतः हलवून बघितली.

पट्टी खोलली तर आत कॉइल नाही, कपॅसिटर नाही. एक ब्रिज, एक चिप आणि एलईडीची लांबलचक माळ. लिनिअर. आपली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते आणि ही पट्टीही शंभर वेळा पूर्ण विझते. डोळ्याला ते दिसत नाही, पण ते पोचत नाही असं नाही. चोकच्या ट्यूबही शंभर वेळाच लुकलुकायच्या, पण त्यांच्या आतला लेप विझता विझता थोडा उजेड धरून ठेवायचा. आणि त्या ट्यूबचाही त्रास व्हायचाच. १९८९ साली ब्रिटनमध्ये अर्नोल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी कार्यालयातल्या माणसांवर अभ्यास केला, तेव्हा चोक बदलून जलद गतीचे बॅलास्ट लावल्यावर डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण सरासरी निम्म्याहून खाली आला. २०१५ च्या आयईईईच्या शिफारशीप्रमाणे शंभर हर्ट्झला उजेडातली लहर ८ टक्क्यांच्या आत असावी. इथं ती शंभर टक्के होती.

आमच्या आधी गावातल्या वायरमननं एक उपाय करून बघितला होता. चार पट्ट्यांत ब्रिजच्या पुढं कपॅसिटर टाकला होता. लुकलुक गेली. पण पंधरा दिवसांत दोन पट्ट्या जळाल्या. हिशेब सरळ आहे. २३० व्होल्टचं शिखर ३२५. माळेला २६० पुरतात. कपॅसिटर नसताना जादा ६५ व्होल्ट फक्त शिखराच्या क्षणी चिपवर पडतात, कपॅसिटर टाकला की जवळजवळ कायम. ७० मिलिअँपिअरला साडेचार वॅट, तेही करंगळीच्या नखाएवढ्या चिपवर. त्यात रात्री उसाच्या मोटारी बंद झाल्या की गावात व्होल्टेज २५५ पर्यंत जातं. शिखर ३६०, चिपवर १०० व्होल्ट, म्हणजे सात वॅट. चांगल्या चिपा तापल्या की स्वतःच उजेड कमी करतात, या गेल्या.

मग जुम्याच्या नमाजनंतर ट्रस्टींची बैठक. मी म्हणालो की स्विचिंग ड्रायव्हर वेगळा असलेल्या पट्ट्या घ्या. प्रत्येकी दुप्पट पैसे पडत होते. एक बुजुर्ग म्हणाले, "मास्टर, उजाला तो उजाला है. चंद्याचा पैसा आहे, इस्राफ नको." मला राग आला नाही, कारण प्रश्न रास्त होता. तिथं बसलेल्यांतले निम्मे दहा-वीस रुपयांनी चंदा देणारे. मी एवढंच विचारलं की दरवर्षी पट्ट्या फेकणं हा इस्राफ नाही का, आणि मुलांचं डोकं कुठल्या वहीत मांडायचं? दुसरी अडचण अशी की उरलेल्या पैशातून रमजानच्या आधी मिनार आणि दर्शनी भागावर रोषणाई करायची ठरली होती. शेजारच्या मंडळाची गणपतीची रोषणाई दणक्यात झाली होती. ही चढाओढ आमच्याकडे प्रेमाचीच असते, पण असते.

एका ट्रस्टींनी चांगला प्रश्न विचारला. "तुमचा तो कंट्रोल एवढा हुशार आहे, मग स्वस्तातच लुकलुक का घालवत नाही?" याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं. तारेतून ताकद शंभर हिसक्यांत येते, एलईडीला ती सलग हवी. मधल्या फरकाला कुठंतरी साठवावंच लागतं आणि ते साठवण म्हणजे कपॅसिटर. कंट्रोल कितीही चांगला असला तरी रिकाम्या टाकीतून धार काढू शकत नाही. कंपन्या पॉवर फॅक्टर चांगला दाखवण्यासाठी करंट विजेच्या लाटेबरोबर खेचतात. एकाच टप्प्यात ते केलं की लहर एलईडीपर्यंत येते. दोन टप्पे केले, एक लाटेशी जुळवून घेणारा आणि दुसरा करंट स्थिर ठेवणारा, की दोन्ही साधतं आणि किंमत वाढते. शिवाय कपॅसिटर उष्णतेत मरतो. दर दहा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून बंद डब्यातल्या फिटिंगमध्ये चांगला ड्रायव्हरही लवकर जातो. हे सगळं ऐकल्यावर ते म्हणाले, "म्हणजे फुकटात काहीच नाही." नाहीच.

ठरलं ते असं की सहा चांगल्या पट्ट्या, फक्त हिफ्जच्या वर्गात. व्हरांडा आणि वजूखाना आहे तसाच. मिनारावर यंदा जुन्याच माळा.

विद्यार्थिनीनं सहाही पट्ट्या बसवण्याआधी फोटोडायोड आणि ऑसिलोस्कोप लावून मोजल्या. पाच पट्ट्यांची लहर सहा टक्क्यांच्या आत, एकीची एकोणीस. ती दुकानदाराला परत केली. त्यानं आधी वाद घातला, मग स्कोपवरची रेघ बघून बदलून दिली. तिला हे कुणी शिकवलं म्हणाल, तर थोडं मी आणि जास्त बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पूर्वी शिकवणाऱ्या प्रा. व्ही. रामनारायणन यांच्या टिपणांनी. हे गृहस्थ कॅलटेकमध्ये स्लोबोदान चुक यांच्या हाताखाली शिकले. १९८६ चा त्यांचा प्रबंध कन्व्हर्टरच्या स्लायडिंग मोड कंट्रोलवर आहे. चुक आणि मिडलब्रुक यांनी १९७६ साली उघड-झाप चालणाऱ्या यंत्राची सरासरी काढून त्याला साध्या गणितात बसवलं, त्याच घराण्यातले हे. त्यांची स्विचिंग कन्व्हर्टरवरची टिपणं कुणालाही फुकट वाचता येतात. आमच्या मुलीनं ती मोबाइलवर वाचली, घरात शिलाई मशीन चालू असताना.

मुलांचं काय झालं, हे विचाराल. जादू झाली असं लिहिणार नाही. चौदापैकी दोघांना चष्मा लागला, म्हणजे त्यांच्या तक्रारीत उजेडाचा वाटा किती हे सांगता येत नाही. बाकीच्यांची कुरकुर महिन्याभरात थांबली. गवंडीकामाला निघालेला मुलगा त्या दोघांपैकी नव्हता. तो वर्गात आहे, आता सतराव्या पाऱ्यावर. मौलानांनी सगळ्यांसमोर त्याला सांगितलं की बेटा, तू खरं बोलत होतास.

ट्रस्टींनी आता विद्यार्थिनीकडून अर्धं पान लिहून घेतलंय आणि ऑफिसात खिळ्याला अडकवलंय. पट्टी घेताना काय बघायचं, पेन्सिल कशी हलवायची, बिलावर वॉरंटी लिहून घ्यायची, वगैरे. उरलेल्या पट्ट्या जळतील तशा याच पद्धतीनं बदलायच्या. तिनं एक गोष्ट मात्र आणखी लिहिलीय, खाली, लाल पेननं: इशाच्या वेळी मीटरजवळ २५८ व्होल्ट मिळाले, मोटारी बंद होण्याच्या आधी, न्यूट्रलचा जोड आधी तपासून घ्या, तो सुटला तर चारशे व्होल्ट येतील आणि कुठलाच ड्रायव्हर वाचणार नाही. त्यासाठी वीज कार्यालयात अर्ज दिलाय. येत्या जुम्याला विचारायला जायचं आहे, तिला बरोबर घेऊन.