वाळवंटातला पूर

वाळवंटात माणूस तहानेने मरतो, असे म्हटले की आठवीची मुले माना डोलावतात. बुडून मरतो म्हटले की हसतात. मग आम्ही त्यांना जेद्दाहची हकीकत सांगतो.

२५ नोव्हेंबर २००९, बुधवार, ८ जिलहज. हाजी मिनाकडे निघालेले, आणि जेद्दाहवर चारेक तासांत सुमारे ९० मिलिमीटर पाऊस कोसळला. तिथे अख्ख्या वर्षात सरासरी ५० मिलिमीटरच पडतो. आमच्या कोकणात जुलैच्या एका दुपारी एवढा पडतो, शाळासुद्धा सुटत नाही. तिथे शंभराहून अधिक माणसे दगावली. बहुतेक हाजी नव्हेत, शहरात राहणारी. आमचे मामू तेव्हा तिथे नोकरीला होते. दोन दिवस फोन लागला नाही आणि अम्मींनी मुसल्ला उचलला नाही.

असा पाऊस उगीच येत नाही. हिवाळा लागताना सुदानकडचा कमी दाबाचा पट्टा तांबड्या समुद्रावरून उत्तरेकडे पसरतो आणि ऊबदार, दमट हवा ओढून आणतो. त्याच वेळी भूमध्य समुद्राकडची उंचावरची थंड हवा दक्षिणेला उतरली, की खाली ऊब आणि वर गारवा अशी जोडी जमते. दमट हवा हिजाजच्या डोंगरांना थडकून वर चढते आणि बघता बघता ढग फुगतात.

पुढचे काम जमीन करते. उघडे कातळ, घट्ट झालेली माती, झाडझाडोरा नाही. पाण्याला मुरायला सवडच मिळत नाही. डोंगरावरचे सगळे पाणी वादीत, म्हणजे कोरड्या ओढ्यात, एकवटते. जेद्दाहच्या पूर्वेकडच्या काही वस्त्या अशाच वाद्यांच्या वाटेत वसलेल्या, गटारांची सोय अपुरी. याला नुसती कुदरत म्हणून हात झटकणे आम्हाला पटत नाही. सौदी सरकारलाही पटले नसावे. चौकशी झाली, अधिकाऱ्यांवर खटले चालले, धरणे बांधली गेली.

मक्का तर दरीतच आहे. १९४१ च्या पुरात काबाशरीफभोवती पोहणाऱ्याचा फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. त्याच्या कितीतरी आधी, हजरत उमर (रजि.) यांच्या काळात पुराने मकामे इब्राहीम जागचा हलवला होता, तेव्हा त्यांनी बांध घालून घेतला.

यंदा आमच्या खालाजान नोव्हेंबरमध्ये उमराहला निघाल्या आहेत. औषधांच्या यादीखाली आम्ही लिहून दिले आहे: दूर डोंगरावर ढग दिसले, तर टॅक्सीवाल्याला वादीतून गाडी घालू देऊ नका, डोक्यावर ऊन असले तरी.