उघड्या टपाची लिंकन

या गाडीचा संग्रहालयातला फोटो पाहिला की मी दर वेळी अडखळतो. माझ्या मनातली लिंकन गर्द निळी आहे, उघडी आहे, मागच्या बैठकीवर ऊन पडलंय. फोटोतली काळी आहे आणि छपराखाली बंद आहे. तरी गाडी तीच. २२ नोव्हेंबर १९६३ला डलासमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींना गोळ्या लागल्या, त्या वेळी ते हिच्यातच बसले होते.

१९६१ची लिंकन काँटिनेंटल मुळातच देखणी. चार दारं, वर कापडी टप आणि वाड्याच्या दोन फळ्यांसारखी समोरासमोर उघडणारी दारं. मिशिगनमधल्या विक्सम इथे ती तयार झाली. मग सिनसिनाटीच्या हेस अँड आयझेनहार्ट या कारागिरांनी ती मधोमध कापून सुमारे साडेतीन फूट लांब केली. मागची बैठक यंत्राने वर उचलली जाई, कशासाठी, तर रस्त्याकडेच्या माणसाला राष्ट्राध्यक्ष नीट दिसावेत म्हणून. माणसांवरचा हा विश्वास मला फार मोलाचा वाटतो. एवढ्या कामाला जवळपास दोन लाख डॉलर लागले, पण गाडी ना केनेडींची होती ना सरकारची. मालक फोर्ड कंपनी. सरकार वर्षाला पाचशे डॉलर भाडं देई.

पारदर्शक प्लास्टिकचं छप्पर सोबत असे. ते पावसापुरतं, गोळी अडवणारं नव्हे. त्या दिवशी सकाळचा पाऊस उघडला, म्हणून तेही काढून ठेवलं होतं.

पुढचं कळलं तेव्हा मला आधी धक्काच बसला. गाडी मोडीत काढली नाही, कुलपातही ठेवली नाही. काही महिन्यांत तिला चिलखती पत्रे, नवं इंजिन, जाड काचा आणि कायमचं छप्पर बसवलं, आतली बैठक नव्याने मढवली. केनेडींनंतरचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी निळा रंग बदलून काळा करायला लावला आणि १९६४मध्ये ती पुन्हा कामावर रुजू झाली. मग मला आमचं घर आठवलं. आजोबा गेले आणि तेराव्यानंतर काका त्यांचीच सायकल घेऊन कामाला निघाले. आजी उंबऱ्यात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही. दुसरी सायकल घरात नव्हती.

पण काकांची सायकल होती तशीच राहिली. या गाडीचं उघडेपण गेलं ते गेलंच. १९७७पर्यंत ती राष्ट्राध्यक्षांना घेऊन फिरली, ती डोक्यावर छप्पर घेऊनच. मग मालकाकडे परतली.

जुन्या गाड्यांचे जाणकार एखादी गाडी कारखान्यातून निघाली तशी करून दाखवतात, आणि त्या हातांबद्दल मला आदर आहे. हिलाही कुणी पुन्हा निळी करू शकलं असतं. केली नाही, हे फार योग्य झालं. डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात ती आजही काळीच आहे आणि छप्पर अजून तिच्यावर आहे.